बापलेकीची घंटा



दिवेलागणीची वेळ आहे. गुरे गोठ्यात आली आहेत. चुलीवर भाकरी भाजली जात आहे. अशा वेळी ओसरीवर एक बाप आणि त्याची लेक समोरासमोर बसली आहेत. मधे एक फळी आहे. फळीवर एक मोठा खिळा, तांब्याची तार, पत्र्याची पट्टी आणि दोन सेल आहेत. लेक म्हणते, "अण्णा, आता लावू का?" बाप म्हणतो, "लाव." आणि घरात ट्रिंग ट्रिंग अशी घंटा वाजते. चुलीपुढची आई दचकते आणि म्हणते, "आलं का तुमचं खेळणं पुन्हा!"

हे घर राहुरी तालुक्यातल्या एका गावात आहे. राहुरी तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. पूर्वी या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. आपण सारे नुसते नगर म्हणतो. या बापलेकीला आम्ही चांगले ओळखतो. नावे सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. आपणही त्यांना अण्णा आणि लेक असेच म्हणू.

हातातली विद्या आणि वहीतली विद्या

अण्णांचा धंदा मोटरी भरण्याचा. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती अण्णांकडे आणतो. अण्णा आतली जळकी तार काढतात आणि नवी तार भरतात. काम चोख. पण शाळा तिसरीतच सुटली होती. अक्षरे विसरून गेली होती.

मोटर भरताना हिशेब ठेवावा लागतो. मोटरीच्या आत लोखंडात खाचा असतात. कुठल्या मोटरीला 24 खाचा, तर कुठल्या मोटरीला 36. कोणत्या खाचेत तारेचे किती वेढे होते, तार किती जाडीची होती, हे जुनी तार काढतानाच मोजून ठेवायचे असते. अण्णा हे सारे डोक्यात ठेवत. कधी भिंतीवर कोळशाने रेघा ओढत.

एकदा दिवाळीत घराची भिंत सारवली. रेघा गेल्या. तीन मोटरींचा हिशेब गेला. एका मोटरीत अंदाजाने वेढे भरले. ती मोटर चार दिवसांत पुन्हा जळाली. अण्णांनी पदरची तार घालून ती परत भरून दिली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

लेक तेव्हा सहावीत होती. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही मोजा. मी लिहिते." तिने एक वही केली. वहीत रकाने आखले. मालकाचे नाव, मोटर किती घोड्यांची, खाचा किती, वेढे किती, तारेचा नंबर काय. त्या दिवसापासून अण्णा मोजू लागले आणि लेक लिहू लागली.

पुढे एक गंमत झाली. लेक शाळेत गेली की वही उघडायला घरात कोणी नसे. मग अण्णाच ती वही चाळू लागले. आकडे त्यांना येत होतेच. आकड्यांच्या शेजारची अक्षरेही हळूहळू ओळखीची झाली. वर्षाने ते आमच्या रात्रीच्या वर्गात येऊन बसले. आम्ही विचारले, "अण्णा, तुम्ही इथे कसे?" ते म्हणाले, "गुरुजी, पोरीची वही मला वाचता यायला पाहिजे."

वाचकहो, हातात विद्या असणे मोठे आहे. पण हातातली विद्या विसरते आणि माणसाबरोबर जाते. कागदावर उतरली की ती टिकते. आपण अक्षरे शिकतो ती याचसाठी.

घंटा वाजते कशी?

मोटर भरून झाली की तारेचे तुकडे उरतात. लेकीने एकदा विचारले, "अण्णा, या तारेनं मोटर फिरते कशी?" अण्णांना ते सांगता येईना. ते म्हणाले, "कशी ते ठाऊक नाही. पण करून दाखवतो." इथून त्यांचा रविवारचा छंद सुरू झाला.

प्रथम त्यांनी एक लांब खिळा घेतला. त्यावर तांब्याच्या तारेचे 100 वेढे घातले. ही तार उघडी दिसते, पण उघडी नसते. तिच्यावर रंगासारखा पातळ थर असतो. म्हणून दोन्ही टोके काचपेपरने घासून चकचकीत केली. एक टोक सेलच्या एका बाजूला लावले, दुसरे टोक दुसऱ्या बाजूला. खिळ्याजवळ टाचण्या नेल्या. टाचण्या खिळ्याला चिकटल्या! तार सोडली, टाचण्या पडल्या. लेक टाळ्या वाजवू लागली.

याचा अर्थ काय? तारेतून वीज वाहते तेव्हा तार लोहचुंबकासारखी वागते. ही गोष्ट डेन्मार्क देशातल्या ओरस्टेड नावाच्या शिक्षकांनी 1820 साली पाहिली. तारेत वीज सोडताच शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. तार सरळ असेल तर जोर थोडा. तिचे वेढे केले आणि आत लोखंड घातले, तर जोर पुष्कळ वाढतो. मोटरीत तारेचे वेढे असतात ते याचसाठी.

आता घंटा. खिळ्यासमोर लोखंडी पत्र्याची लवचीक पट्टी ठेवली. पट्टी एका स्क्रूला टेकलेली आहे. वीज पट्टीतून आणि स्क्रूतून जाते. वीज गेली की खिळा चुंबक होतो आणि पट्टीला ओढतो. पट्टी ओढली गेली की स्क्रूपासून सुटते. सुटली की वीज तुटते. वीज तुटली की खिळ्याचा जोर जातो. पट्टी आपल्या लवचीकपणाने मागे येते आणि पुन्हा स्क्रूला टेकते. टेकली की पुन्हा वीज! असे एका सेकंदात कितीतरी वेळा होते. पट्टीच्या टोकाला गोळी लावा, समोर वाटी ठेवा. झाली घंटा.

बघा, आत कोणी भूत नाही की जादू नाही. एक गोष्ट होते म्हणून दुसरी होते. हे एकदा कळले की माणूस यंत्राला भीत नाही, आणि यंत्राशी खेळतही नाही.

लोहाराचा मुलगा

लेकीने हे शाळेत सांगितले. शाळेच्या पुस्तकात तिला फॅरडे यांची माहिती मिळाली. ती तिने अण्णांना वाचून दाखवली. आपणही ऐकू.

मायकेल फॅरडे यांचा जन्म 1791 साली इंग्लंडात झाला. बाप लोहार. घरी गरिबी. शाळा थोडीशीच झाली. पोटासाठी मुलगा पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात कामाला लागला. लोक पुस्तके बांधायला आणत. मायकेल ती बांधता बांधता वाचत असे. त्यात विजेवरचे लिखाणही आले. वाचलेले तो घरी करून पाही.

याच माणसाने 1831 साली एक मोठा शोध लावला. तारेत वीज सोडली तर चुंबक होतो, हे ठाऊक होते. फॅरडे यांनी उलटे करून पाहिले. तारेच्या वेढ्यात चुंबक आत बाहेर हलवला. तारेत वीज निघाली! आज जगातली बहुतेक वीज याच रीतीने निघते. आपल्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदरा धरण आहे. ते 1926 साली पुरे झाले. तिथे पाण्याच्या जोराने चाक फिरते, चाकाबरोबर चुंबक फिरतो आणि तारेत वीज तयार होते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस असा दिव्यात उतरतो.

आई आणि मुलगी

लेक पुढे आठवी नववीत गेली, तशी गावात कुजबूज सुरू झाली. पारावर कोणी म्हणे, "पोरीच्या जातीला तारा न् पक्कड कशाला? उद्या सासरी काय मोटरी भरणार हाय का?" अण्णा गरीब स्वभावाचे. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, मी चुकतो का?"

आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली आपल्याच जिल्ह्यातली. जामखेड तालुक्यात चौंडी हे गाव आहे. तिथे 1725 साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील माणकोजी शिंदे. मुलींना कोणी शिकवत नसे, अशा काळात त्यांनी आपल्या मुलीला लिहायला वाचायला शिकवले, असे सांगतात. पुढे त्या मुलीने इंदूरचे राज्य सांभाळले. आज जिल्ह्याला तिचे नाव आहे. ज्याने शिकवले त्या बापाचा यात वाटा नाही काय?

दुसरी गोष्ट दूरची. पोलंड देशात मारी नावाची मुलगी होती. तिच्या गावी मुलींना विद्यापीठात घेत नसत. म्हणून ती 1891 साली पॅरिसला गेली आणि शिकली. तिथे पिएर क्युरी या शास्त्रज्ञांशी तिचे लग्न झाले. दोघांनी मिळून मोठे शोध लावले. पण 1906 साली पिएर रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून वारले. थोरली मुलगी आयरीन तेव्हा 8 वर्षांची होती. मारीबाईंनी मुली वाढवल्या आणि कामही चालू ठेवले.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. जखमी शिपायांच्या अंगात गोळ्या अडकत. गोळी कुठे आहे हे बघायला क्ष-किरणांचे यंत्र लागे. आपण त्याला एक्सरे म्हणतो. पण यंत्र शहरात आणि शिपाई रणावर! शिवाय रणावर वीज कुठली? मारीबाईंनी तोड काढली. मोटारगाडीत एक्सरेचे यंत्र बसवले. त्याच गाडीत डायनामो, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र, ठेवले. गाडीच्या इंजिनाने डायनामो फिरे आणि त्याची वीज एक्सरेला मिळे. मारीबाई स्वतः मोटार चालवायला शिकल्या. आयरीन तेव्हा 17 वर्षांची. तीही आईबरोबर निघाली. पुढे ती एकटीसुद्धा रणाजवळच्या दवाखान्यांत जाऊन यंत्रे चालवू लागली. मायलेकींनी सुमारे 150 बायकांना हे काम शिकवले.

आयरीन पुढे मोठी शास्त्रज्ञ झाली. 1935 साली तिला आणि तिच्या पतीला नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान आईला आधी 1903 साली आणि पुन्हा 1911 साली मिळाला होता. पण मुलीचा मान बघायला आई राहिली नव्हती. मारीबाई 1934 सालीच गेल्या. आयरीनही 1956 साली गेली. दोघींना रक्ताचे आजार झाले होते. ज्या किरणांशी त्यांनी जन्मभर काम केले, ते किरण अंगाला बाधतात हे सुरुवातीला कोणाला नीट माहीत नव्हते. माहीत नव्हते म्हणून जपले नाही.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे गुरुजी, शिकवायचं तर जपायलाही शिकवायचं." आम्ही म्हणालो, "हेच खरे शिक्षण."

दिव्याची परीक्षा

त्या रविवारी बापलेकीने एक नवी वस्तू केली. दोन सेल, बॅटरीचा एक छोटा बल्ब आणि दोन लांब तारा. तारांची टोके एकमेकांना लावली की बल्ब लागतो. आता एखादी तार आतून तुटली आहे का हे बघायचे असेल, तर या दोन टोकांच्या मधे ती तार धरायची. बल्ब लागला तर तार अखंड. नाही लागला तर तार तुटकी. किती सोपे! पण एक नियम. हा दिवा फक्त वीज बंद असलेल्या तारेवर लावायचा. चालू विजेवर कधीही नाही.

हा दिवा लवकरच उपयोगी पडला. उन्हाळ्याचे दिवस होते. गावच्या विहिरीवरच्या पंपाला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. लोक म्हणाले, "कोरड्या चपला घालून चालू करा. थोडंसं मारतं, त्याला काय!" दोन दिवस असेच चालले. तिसऱ्या दिवशी अण्णा आणि लेक तिथे गेले. अण्णांनी मेन स्विच खाली ओढला आणि फ्यूज काढून खिशात घातले.

गलका झाला. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. कोणी ओरडले, "आम्हाला पाणी पाहिजे!" अण्णा म्हणाले, "पाणी संध्याकाळी मिळेल. माणूस गेला तर मिळणार नाही." एकाने लेकीला हटकले, "ए पोरी, लांब हो." अण्णा म्हणाले, "दिवा तिने केला आहे. तीच लावील."

लेकीने एक टोक मोटरीच्या अंगाला लावले, दुसरे टोक जमिनीतल्या अर्थिंगच्या नळीला. बल्ब लागला नाही. पुन्हा घासून लावले. नाही लागला. मग सगळ्यांनी मिळून अर्थिंगची तार ओढून काढली. ती मधे सडून तुटली होती. वरून कोणाला दिसत नव्हती.

वायरमन आला. नवी तार टाकली, मोटरही तपासली. वेढ्याचा थर एका जागी जळाला होता, म्हणून वीज मोटरीच्या अंगात उतरत होती. मोटर अण्णांनी रात्रीत भरली. गावाला पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले. ज्या बायका ओरडल्या होत्या, त्यांतल्याच एका आजीने लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली.

अर्थिंग म्हणजे काय?

अर्थ म्हणजे जमीन. यंत्राचे लोखंडी अंग जाड तारेने जमिनीशी जोडतात, त्याला अर्थिंग म्हणतात. आतली तार उघडी पडली तर वीज यंत्राच्या अंगात येते. अर्थिंग चांगले असेल तर ती वीज त्या तारेने जमिनीत जाते, आणि फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. अर्थिंग तुटले असेल तर वीज वाट बघत बसते. आपण हात लावला की आपणच तिची वाट होतो!

सेलची वीज दीड व्होल्टची असते. घरातली 230 व्होल्टची. शेतातल्या तीन तारांच्या मोटरीला 400 व्होल्टच्या वर वीज असते. सेलशी खेळले तर चालते, कारण तिचा धक्का लागत नाही. घरच्या विजेशी खेळ नाही. अण्णांनी लेकीला पहिल्या दिवशी हेच सांगितले होते.

म्हणून हे ध्यानात ठेवा.

1. ओल्या हाताने, ओल्या पायाने स्टार्टरला हात लावू नका.

2. फ्यूजमधे जाड तार घालू नका. फ्यूज जळतो म्हणून मोटर वाचते.

3. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात. उन्हाळ्यात तिथे पाणी घाला. जमीन कोरडी झाली की अर्थिंग दुबळे होते. तार अखंड आहे एवढेच आपला दिवा सांगतो. अर्थिंग पुरेसे आहे की नाही, हे वायरमनकडून मोजून घ्या.

4. आकडा टाकून वीज घेऊ नका. ती चोरी आहे, आणि जीवही जातो.

5. कुंपणात वीज सोडू नका. जनावर म्हणून माणूस मरतो.

6. कोणाला विजेने धरले तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. मोठ्या लाइनची तार तुटून पडली असेल तर जवळच जाऊ नका. लाकडाचाही भरवसा धरू नका. 1912 या नंबरावर वीज मंडळींना आणि 108 वर दवाखान्याच्या गाडीला फोन करा.

पुढे काय झाले?

लेक दहावी पास झाली. घरात दोन विचार होते. आजी म्हणत होती, "स्थळ चांगलं आलंय." लेक म्हणत होती, "मला आयटीआयला जायचंय. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा आहे." अण्णांनी कोणालाच लगेच उत्तर दिले नाही. आईने मात्र वही आणली. तीच मोटरींची वही. ती अण्णांपुढे ठेवून म्हणाली, "ही पोर तुमचा हिशेब ठेवायला होती म्हणून धंदा राहिला. आता तिचा हिशेब तुम्ही ठेवा." ती माउली खेळणं, खेळणं म्हणून हसत असे. पण सारे बघत होती.

प्रवेशाचा फॉर्म आमच्यासमोर भरला गेला. खाली पालकाची सही हवी होती. अण्णांनी पेन हातात घेतले. जपून, एकेक अक्षर काढत, त्यांनी आपले पुरे नाव लिहिले. लेक शेजारी उभी होती. तिने मान खाली करून सही वाचली आणि म्हणाली, "अण्णा, वेलांटी बरोबर आहे."

आम्ही आयुष्यभर शाळेत मुले शिकवली. पण बाप मुलीला शिकवतो आणि मुलगी बापाला शिकवते, अशी शाळा आम्ही याच घरात पाहिली. अशी शाळा प्रत्येक घरात भरू शकते. त्याला इमारत लागत नाही. थोडा वेळ लागतो, आणि मुलीच्या प्रश्नाला "गप बस" न म्हणण्याची सवय लागते.

सांगा पाहू

1. अण्णांचा हिशेब कसा गेला? पुढे तो कसा टिकला?

2. खिळ्याला टाचण्या केव्हा चिकटल्या आणि केव्हा पडल्या?

3. रणावर मारीबाईंनी एक्सरेला वीज कुठून आणली?

4. पंपाला झिणझिण्या का येत होत्या?

करून पाहा

घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. एक लांब खिळा, दोन हात तांब्याची थर असलेली तार आणि एक सेल घ्या. खिळ्यावर वेढे घाला, टोके घासा, टाचण्या उचलून पाहा. तार सेलला क्षणभरच लावा, नाही तर तार आणि सेल गरम होतात. किती वेढ्यांना किती टाचण्या उचलल्या, ते वहीत लिहून ठेवा. आकडे एकाने मोजावेत, दुसऱ्याने लिहावेत. मग कामे बदला.